कंटाळा कुणाचा, आळस कुणाचा?

आमच्या वस्तीत दर रविवारी संध्याकाळी बुद्धविहारात अभ्यासवर्ग भरतो. पंधरा-वीस पोरं येतात. हजेरीची एक वही आहे, ती माझ्याकडं असते. त्या वहीत एका पोराच्या नावापुढं ओळीनं सहा रविवार खाडे पडले. सातव्या रविवारी मी त्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि शेजारी एक शब्द लिहिला: आळशी. बाकीच्यांनी बघितलं, कुणी काही बोललं नाही. मलाही वावगं वाटलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

रेघ मारायच्या आधी तो मला एकदा चहाच्या टपरीवर भेटला होता. मी म्हटलं, "काय रे, दिसत नाहीस?"

"कंटाळा आलाय, दादा."

"कशाचा?"

"कशाचा म्हणून सांगू? सगळ्याचाच."

मी त्याला चार शब्द सुनावले. बाबासाहेब रात्र रात्र वाचत बसायचे आणि तुला आठवड्यातनं दोन तास बसायचा कंटाळा येतो काय, असं म्हणालो. तो कसनुसा हसला, चहाचे पैसे त्यानंच दिले आणि गेला.

म्हणजे तो म्हणाला कंटाळा आणि मी वहीत लिहिलं आळस. नंतर ती वही उघडली की हे मला टोचू लागलं. हे दोन शब्द एकाच घरचे नाहीत. कंटाळा माणूस स्वतःबद्दल सांगतो. आळस बहुतेक वेळा दुसरा कुणी त्याच्यावर लादतो. शाळेत आमच्या गुरुजींनी तो माझ्यावर लादला होता, तोही पहिल्या दिवशी, मी पाटीवर एक अक्षर काढायच्या आधी. मग एकाचा कंटाळा दुसऱ्याच्या तोंडी आळस कसा होतो, हा पालट कुठं झाला आणि कुणाच्या फायद्यासाठी झाला, याचा मी माग काढत गेलो. तो माग मला पार इजिप्तच्या वाळवंटापर्यंत घेऊन गेला आणि परत आमच्याच गल्लीत आणून सोडलं. ते तुम्हाला सांगतो.

* * *

आपली पोरं हल्ली 'कंटाळा आला' असं कमी म्हणतात, 'बोअर झालं' म्हणतात. हा इंग्रजी शब्द तसा अलीकडचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्लंडातल्या वरच्या थरातल्या लोकांच्या बोलण्यात आला. त्याचं 'बोअरडम' हे नाम एकोणिसाव्या शतकात रुळलं. चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी १८५२-५३ मध्ये हप्त्याहप्त्यानं निघाली. तिच्यात लेडी डेडलॉक नावाची बडी बाई आहे. वाडा आहे, नोकरचाकर आहेत, घोडागाड्या आहेत, आणि बाई कंटाळून कंटाळून मरायला टेकलेली आहे. त्याच कादंबरीत जो नावाचा एक पोरगा आहे. त्याला आई नाही, बाप नाही, धड आडनावसुद्धा नाही. बड्या लोकांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून तो लंडनमधला रस्ता झाडतो. पोलीस त्याला एका जागी उभं राहू देत नाही, चल पुढं म्हणतो. जाऊन जाऊन तो जाणार कुठं? शेवटी मरतो.

डिकन्सला या पोराची कणव आहे, त्याच्या बाजूनं तो चिडून लिहितो. पण कंटाळा आला बाईसाहेबांच्या वाट्याला. झाडूवाल्या पोराला भूक मिळाली, ताप मिळाला, मरण मिळालं. कंटाळा यायचा तर आधी वेळ आपल्या मालकीचा लागतो, अशी एक समजूत या नव्या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. गरिबाला कंटाळा येत नाही, तो फक्त काम चुकवतो, ही तिची दुसरी बाजू.

जुने शब्द मात्र वेगळं सांगतात. फ्रेंच लोक कंटाळ्याला 'आन्वी' म्हणतात. तो लॅटिनमधल्या 'इन ओडिओ' या दोन शब्दांतून आला. ओडिओ म्हणजे द्वेष. एखादी गोष्ट मला नकोशी आहे, तिचा मला तिटकारा आहे, असं म्हणताना रोमन माणूस ते शब्द वापरी. स्पॅनिश भाषेत कंटाळा आणणं म्हणजे 'आबुरीर'. त्याचं लॅटिन मूळ म्हणजे शिसारी येऊन मागं सरणं. जर्मन माणूस 'लांगेवाइले' म्हणतो, म्हणजे सरळ 'लांब वेळ'. आणि आपली मराठी? 'जीवनाला कंटाळून' हे शब्द पेपरात कुठल्या बातमीत येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी आजी 'जीव कंटाळला गं बाई' म्हणायची, तेव्हा वेळ जात नाही अशी तिची तक्रार नसायची. तिला वेळ होता कुठं? पहाटे जात्यावर बसायची ती रात्री चुलीपाशी लवंडायची. जे वाट्याला आलंय ते नको झालंय, असं ती सांगत असायची.

तेव्हा कंटाळ्याच्या मुळाशी तिटकारा आहे, नकार आहे. रिकामपण हे वरचं साल आहे.

* * *

आता या सगळ्यांहून जुना शब्द. ग्रीक भाषेतला 'अकेडिया'. 'केडोस' म्हणजे काळजी, आस्था. त्याच्या मागं नकाराचा 'अ' लागला. आपल्याकडं धर्माचा अधर्म होतो तसाच.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती संन्यासी राहायला गेले. नाईलच्या मुखाजवळ पश्चिमेला नित्रिया आणि केलिया ही त्यांची ठाणी. केलिया म्हणजे कोठड्या. एकेका कोठडीत एकेक संन्यासी. दिवसभर खजुरीच्या पात्यांच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या-चटया विणायच्या आणि प्रार्थना म्हणायची. तिथं एव्हाग्रिअस नावाचा एक पंडित होता. जन्म इसवी सन ३४५ च्या सुमारास, काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतात. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानीत त्यानं नाव कमावलं होतं. ते सोडून तो ३८३ च्या सुमारास वाळवंटात आला आणि ३९९ मध्ये तिथंच वारला. संन्याशाला छळणारे आठ विचार त्यानं मांडले. त्यातला सगळ्यात जड विचार म्हणजे अकेडिया. त्याला त्यानं भरदुपारचा सैतान म्हटलं.

हा सैतान सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. आधी सूर्य जागचा हलेनासा होतो. दिवस पन्नास तासांचा वाटतो. मग संन्याशाचं लक्ष पुन्हा पुन्हा खिडकीकडं जातं. बाहेर येऊन तो ऊन कुठवर आलं ते बघतो, कारण जेवण तीन वाजता. मग त्याला ती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. आपल्या बंधूंमध्ये आता प्रेम उरलं नाही, आपल्याला विचारणारं कुणी नाही, असं वाटू लागतं. त्यात अलीकडं कुणी दुखावलं असेल तर ते आठवतं. दुसरीकडं गेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटतं. घर आठवतं, माणसं आठवतात. पुढचं आयुष्य केवढं लांब आहे ते दिसतं.

मित्रांनो, हे वाचून मी पहिल्यांदा हसलो. मग हसणं थांबलं. कारण हा तर आपला कार्यकर्ता आहे! पत्रकं वाटून, मोर्चे काढून, निवेदनं देऊन दहा वर्षं झालेली आहेत. साहेब खुर्चीतून हलत नाही, सूर्य आभाळातून हलत नाही. ज्या गटात आहे तो गट नकोसा झालाय. पलीकडच्या गटात बरं चालतं असं ऐकलंय. सभेत अमक्यानं केलेला अपमान रात्री दोनला आठवतो. आपल्याला विचारणारं कुणी नाही असं वाटतं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं आपल्या सगळ्या फुटीरपणाचं कारण लिहून ठेवलंय की काय, असं वाटलं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. एव्हाग्रिअस या माणसाला आळशी म्हणत नाही. त्याच्या लेखी ही झुंजणाऱ्या माणसावर येणारी चाल आहे. ज्यानं काही हाती घेतलंय त्याच्यावरच ती येते. आणि दुसरी गोष्ट: हा माणूस आपल्या मर्जीनं वाळवंटात आलेला आहे. त्याला तिथं कुणी जन्मानं बांधलेलं नाही.

या संन्याशांचा आद्य गुरू अँथनी. त्याची एक गोष्ट सांगतात. एकदा त्यालाच अकेडियानं घेरलं. काय करू, असा तो टाहो फोडत होता. तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, परत बसून दोरी वळत होता. अँथनीला उत्तर मिळालं. काम आणि चिंतन एकाच माणसानं आलटून पालटून करायचं. ही गोष्ट मनात ठेवा, पुढं लागेल. आपल्या देशात नेमकं हेच तोडलं गेलं. एकानं जन्मभर दोरी वळायची आणि दुसऱ्यानं जन्मभर मंत्र म्हणायचे.

* * *

मग शब्दाचा प्रवास सुरू झाला. जॉन कॅसियन नावाचा संन्यासी इजिप्तमधलं हे शिक्षण घेऊन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या फ्रान्समधल्या मार्सेला आला. मठांसाठी त्यानं लॅटिनमध्ये पुस्तकं लिहिली. अकेडियावर त्याचा भर एकाच औषधावर: हातानं काम करा. जो काम करणार नाही त्यानं खाऊ नये, हे सेंट पॉलचं म्हणणं तो तिथं उभं करतो. याच नावाच्या एका जुन्या संन्याशाची गोष्टही तो सांगतो. हा पॉल इतक्या आत वाळवंटात राहायचा की माल बाजारात न्यायचं भाडं मालाच्या किमतीपेक्षा जास्त. तरी तो रोज नेमानं काम करायचा. वर्षभराच्या कामानं गुहा भरली की सगळं पेटवून द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा.

आता बघा. स्वतःचं मन ताळ्यावर ठेवायला स्वतःचंच काम जाळणारा माणूस मोठा असेल. पण त्याच्या तोंडचा नियम उचलून ज्याच्या घरी जाळायला टोपलीसुद्धा नाही त्याला लावला, तर त्याचं काय होतं? पुढं तेच झालं.

सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीनं पापांची यादी सातावर आणली. तिच्यात खिन्नता होती. पुढच्या शतकांत खिन्नतेच्या जागी अकेडिया बसली. १२१५ मध्ये रोमला चौथी लॅटरन परिषद भरली. तिनं प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पाद्रीपुढं पापं कबूल करायची सक्ती केली. झालं! कोठडीतल्या संन्याशासाठी केलेली यादी शेतकऱ्याच्या, मजुराच्या, धोब्याच्या हातात आली. संन्याशाच्या मनातली ती खोल उबग मजुराला विचारायची कशी? मग सोपे प्रश्न आले. देवळात वेळेवर येतोस का? कामात अंग चोरतोस का? अशा रीतीनं अकेडिया इंग्रजीत आली ती 'स्लॉथ' म्हणून. स्लॉथ म्हणजे सुस्ती, आळस. आतल्या माणसाचं दुखणं बाहेरच्या माणसाचा आरोप झाला.

आरोप आला की त्यामागं कायदा येतो. १३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगनं हाहाकार केला. माणसं एवढी मेली की मजुराला भाव आला. तो जास्त मजुरी मागू लागला, पटलं नाही तर धनी सोडून जाऊ लागला. राजानं १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला. साठ वर्षांच्या आतल्या धडधाकट माणसाला, जमीन किंवा धंदा नसेल तर, मिळेल त्या मालकाकडं काम करायची सक्ती झाली. मजुरी प्लेगच्या आधीचीच. धडधाकट भिकाऱ्याला भीक घालायची नाही. १५४७ मध्ये तर आणखी एक कायदा आला. काम न करता फिरणाऱ्याच्या छातीवर तापल्या लोखंडानं अक्षर डागायचं आणि त्याला दोन वर्षं गुलाम म्हणून द्यायचं. हा कायदा तीनेक वर्षांतच मागं घ्यावा लागला. पण त्यामागची नजर गेली नाही. मजूर जास्त मागतो तेव्हा त्याला आळशी म्हणायचं, ही युक्ती मालकाला कायमची सापडली.

* * *

ती नजर जहाजात बसून आपल्याकडंही आली. इथं तिला जातीची तयार जमीन मिळाली. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ पासून तो मुंबई इलाख्यालाही लागला. पारधी, कैकाडी, भामटे असे आपले बांधव जन्मतःच गुन्हेगार ठरले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं. हजेरी द्यायची, पासाशिवाय हलायचं नाही. वर पुन्हा सांगितलं जायचं की यांना कष्टाची सवय लावतोय. रानोमाळ चालत पोट भरणाऱ्या माणसाला कष्टाची सवय! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आणि आमच्या घरातलं सांगतो. माझा आजा गावचा येसकर. महारकी म्हणजे चावडीपुढं बसून राहायचं. पाटलाचा, तलाठ्याचा, कुणाचाही हुकूम कधी होईल त्याचा नेम नाही. सांगावा घेऊन दहा मैल जायचं, साहेबाच्या घोड्याला गवत घालायचं, मेलेलं जनावर ओढायचं. हुकूम नसेल तेव्हा उन्हात नुसतं बसायचं, पण उठून जायचं नाही. तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. जर्मन माणसाचा 'लांब वेळ' मला चावडीपुढं बसलेल्या आजाकडं बघून कळतो. त्याचा वेळ त्याचा नव्हता आणि तो सरतही नव्हता. त्याच चावडीवरनं जाणारे-येणारे म्हणायचे, बघा, महार कसा पसरलाय! डिकन्सच्या पुस्तकात नसलेला कंटाळा इथं होता. तो लिहून घ्यायला कुणी नव्हतं, एवढंच.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. १९२८ मध्येच मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं की विणाईच्या खात्यात अस्पृश्यांना का घेत नाहीत? तिथं मजुरी जास्त होती. पण धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आपली माणसं कमी मजुरीच्या रिंग खात्यात.

याच अनुभवातून आठ वर्षांनी बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचं उच्चाटन' लिहिलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेलं, पण होऊ न दिलेलं ते १९३६ चं भाषण. जात ही श्रमाची विभागणी असण्यापुरती थांबत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यातलं वाक्य आपण सगळे घोकतो. पण त्याच्या पुढचा मुद्दा आपण वाचून सोडून देतो. बाबासाहेब म्हणतात की जी कामं हलकी ठरवून जन्मानं गळ्यात बांधली आहेत, त्या कामांबद्दल माणसाच्या मनात तिटकारा उपजतो. ती टाळावी, त्यातनं सुटावं, अशी ओढ सतत लागून राहते. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, त्यात कसब येणार कुठून? म्हणजे बाबासाहेब कामचुकारपणाचा खटला उलटा फिरवतात. मालक म्हणतो हा आळशी आहे. बाबासाहेब म्हणतात, हा तिटकारा आहे आणि तो तुमच्या व्यवस्थेनं पैदा केलाय. रोमन माणसाचं 'इन ओडिओ' आणि बाबासाहेबांचं अर्थशास्त्र इथं एका रेषेत येतं.

* * *

आता त्या पोराकडं येतो. तो एका नगरपालिकेत सफाई कामगार आहे. बाप गेल्यावर वारसा हक्कानं लागला. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराच्या वारसाला ही नोकरी मिळते. ती मिळावी म्हणून आपल्याच लोकांनी झगडे केले आणि ते चुकीचं नव्हतं. घरात चूल पेटते, म्हातारीचं औषध येतं. पण जी व्यवस्था झाडूचा वारसा देते ती टेबलाचा देत नाही, हेही खरं. पोरगा नोकरी करत बीए झालेला. पहाटे पाचला उठायचं, चौकीवर हजेरी लावायची, दुपारपर्यंत गटार आणि कचरा, आणि रविवारी संध्याकाळी आमच्याकडं येऊन श्रमिकांच्या विभागणीवर ऐकायचं! त्याला कंटाळा आला तर कशाचा आला, हे मी विचारलं होतं. उत्तर माझ्या डोळ्यांपुढं उभं होतं आणि मी त्यावर रेघ मारली.

इथं दुसरा प्रश्न उभा राहतो. झाडूचा तिटकारा समजतो, पण चळवळीचा? ती तर त्यानं मर्जीनं निवडली होती. याचं उत्तर मला आपल्याच धम्मात सापडलं. पाली भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. 'थीनमिद्ध' म्हणजे सुस्ती आणि पेंग. ध्यानाला आडव्या येणाऱ्या पाच अडथळ्यांपैकी तो एक. आणि 'अरति' म्हणजे मन न लागणं, उबग. सुत्तनिपातातल्या पधानसुत्तात माराच्या सेनेची मोजदाद आहे. तिथं अरति दुसरी आणि थीनमिद्ध पाचवं. मारकन्यांमध्येही एकीचं नाव अरति. युरोपनं जे दोन शब्द एकत्र कालवले, ते आपल्या भिक्खूंनी वेगळे ठेवले होते. सुस्तीवर उठून चालणं, तोंड धुणं हे उपाय चालतात. अरतिवर काय? मज्झिमनिकायात बुद्ध राहुलाला सांगतात की मुदितेची भावना वाढव, त्यानं अरति जाईल. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्यानं होणारा आनंद.

हे वाचताना मला एक रविवार आठवला. त्या पोरानं वर्गात येऊन सांगितलं होतं, दादा, बीए झालो. आम्ही "हां, बरं झालं" म्हणालो आणि मोर्चाच्या पत्रकाकडं वळलो. एक पेढासुद्धा नाही. त्याच्या नंतरच्या महिन्यापासून खाडे सुरू झाले. वही काढून मी तारखा बघितल्या.

* * *

शेवटी त्या ग्रीक शब्दाकडं एकदा परत येतो, कारण त्याची सगळ्यात जुनी गोष्ट मी राखून ठेवली आहे. अकेडियाच्या आधीचा शब्द 'अकेडेस'. तो होमरच्या महाकाव्यात आहे. तिथं त्याचा एक अर्थ असा: ज्याची कुणी काळजी घेतली नाही असा. युद्धात पडलेला, कुणी मूठमाती न दिलेला मुडदा, त्याला हा शब्द लागतो. म्हणजे 'काळजी नसलेला' याचे दोन अर्थ. एक, जो कशाची काळजी करत नाही तो. दुसरा, ज्याची काळजी करणारं कुणी नाही तो. हजार-दोन हजार वर्षांत पहिला अर्थ फुगत गेला, त्यावर पाप बसलं, कायदा बसला, डागणी बसली. दुसरा अर्थ गाडला गेला.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तिथं आले. बुद्धांनी विचारलं, तुझी देखभाल करायला कुणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तो म्हणाला, भन्ते, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडं बघत नाहीत. बुद्धांनी त्याला उपदेश केला नाही. आनंदला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदनं धुतलं, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवलं. मग संघाला बोलावून विचारलं की तुम्हाला इथं ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांचं बघणार नाही तर कोण बघणार?

'मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही.' आमच्या वहीतल्या रेघेचा अर्थ यापेक्षा वेगळा काय होता?

मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई दारात भांडी घासत होती. म्हणाली, "भाऊ, वीस दिस झालं, कामावरनं येतो अन् भिंतीकडं तोंड करून पडतो. तुमच्यातलं कुणी आलं न्हाई." मी म्हटलं, "ताई, चूक झाली." दुसरं सुचलं नाही. तो आत होता, उठून बसला. मी चळवळीचं एक अक्षर काढलं नाही. बीएचं गुणपत्रक दाखव म्हणालो. त्यानं पत्र्याच्या पेटीतनं काढलं. इतिहासात चांगले मार्क होते. ते बघून मला खरोखर आनंद झाला, पण उशिरा झाला.

मी परत गेलो, तिसऱ्यांदा गेलो. तो अजून नेमानं वर्गाला येत नाही. मागल्या रविवारी आला, मागं बसला, अर्ध्यातनं उठून गेला. पहाटे हजेरी असते. वहीत मी काही लिहिलं नाही. त्या जुन्या पानावरचा शब्द खोडून टाकावा असं मनात आलं, पण तसाच ठेवलाय. कुणाच्या हातानं लिहिला गेला ते मला दिसत राहावं म्हणून.

मित्रांनो, प्रत्येक कंटाळा क्रांतिकारक असतो असं मी म्हणत नाही. सुस्ती असते, ती आपल्यातही आहे आणि तिला लाथच घालायला पाहिजे. पण तो शब्द कुणावर फेकायच्या आधी तीन गोष्टी विचारा. त्याच्या गळ्यात जन्मानं बांधलेलं काम आहे का? मग त्याचा तिटकारा बरोबर आहे आणि ते काम तोडणं आपलं काम आहे. मर्जीनं निवडलेल्या कामावरनं मन उडालंय का? मग त्याच्या भल्यात आपण कधी आनंद मानला ते आठवा. आणि त्याला विचारायला शेवटचं कोण गेलं होतं, कधी गेलं होतं?

तुमच्याही वहीत अशा रेघा असतील. वही उघडा आणि त्या पत्त्यावर जा.

जय भीम.